दोर दुसऱ्यांदा कापला तेव्हा

आजचे वाचन: उत्पत्ती ५०:१५-२१



गेल्या शनिवारी आमच्या तरुण संघाची मूव्ही नाइट होती. एकाच्या फ्लॅटवर, हॉलमधल्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून. दर वेळी आम्ही अमेरिकेतल्या चर्चवाल्यांनी बनवलेले चित्रपट बघतो. 'फेसिंग द जायंट्स' झाला, 'फायरप्रूफ' झाला, 'वॉर रूम' तर दोनदा झाला. मला हे चित्रपट आवडतात, उगाच नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. 'फायरप्रूफ' बघून लग्नाच्या पहिल्या वर्षी मी चाळीस दिवस न चुकता भांडी घासली होती. (त्यात नायक मोहापासून सुटायला कॉम्प्युटर अंगणात नेऊन बॅटने फोडतो, तो सीन मात्र मला डोळे मिटूनच बघावा लागतो. लॅपटॉप कंपनीचा आहे.)

पण या चित्रपटांत एक गोष्ट नेहमी खटकते. माणूस गुडघ्यावर येतो, रडतो, प्रार्थना करतो, आणि पुढच्या अर्ध्या तासात सगळं जागेवर येतं. 'फेसिंग द जायंट्स'मध्ये तर हरणारी टीम जिंकते, कोचला नवीन गाडी मिळते आणि मूल न होणाऱ्या बायकोला दिवसही जातात. देव हे सगळं करू शकतो, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या ओळखीतल्या कोणाचाच पश्चात्ताप असा एका सीनमध्ये आटोपलेला नाही. माझाही नाही.

म्हणून या वेळी मी जरा जुना चित्रपट लावला, 'द मिशन'. १९८६ चा. दिग्दर्शक रोलंड जॉफी, पटकथा रॉबर्ट बोल्ट यांची, संगीत एन्यो मोरिकोने यांचं. त्या वर्षी कान महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार याला मिळाला होता. आजच्या वचनाकडे मी याच चित्रपटातून येणार आहे, त्यामुळे ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो.

काळ साधारण १७५० चा, जागा दक्षिण अमेरिका. इग्वासूच्या प्रचंड धबधब्यांच्या वरच्या जंगलात ग्वारानी लोक राहतात. येशूसंघाचे म्हणजे जेझुइट धर्मगुरू तिथे वस्ती उभारतात. (याच येशूसंघाच्या फादर स्टीफन्सनी गोव्यात राहून मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं आणि ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. म्हणजे हे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत.) चित्रपटातले फादर गॅब्रिएल हे असेच एक धर्मगुरू. ती भूमिका जेरेमी आयर्न्सची. आणि दुसरा माणूस रॉद्रिगो मेन्दोझा, म्हणजे रॉबर्ट डी नीरो. याचा धंदा माणसं विकण्याचा. जंगलात जायचं, ग्वारानींना जाळ्यात पकडायचं आणि खाली आणून गुलाम म्हणून विकायचं.

या मेन्दोझाची प्रेयसी त्याच्या धाकट्या भावाच्या प्रेमात पडते. रागाच्या भरात द्वंद्व होतं आणि मेन्दोझाच्या हातून भाऊ मरतो. द्वंद्वात मेला म्हणून कायदा त्याला हात लावत नाही. पण तो स्वतःला एका खोलीत कोंडून घेतो आणि मरणाची वाट बघत बसतो. गॅब्रिएल त्याला भेटायला येतात तेव्हा तो सांगतो, माझ्या पापाला पुरेल असं प्रायश्चित्तच जगात नाही. गॅब्रिएल त्याला करून बघायचं आव्हान देतात.

मग येतो तो प्रसिद्ध प्रसंग. मेन्दोझाचं चिलखत, तलवारी, सगळा लोखंडी पसारा एका जाळ्यात बांधलेला. माणसं पकडायला जाळी आणि आता हेही जाळ्यातच. ते बोचकं दोराने अंगाला बांधून तो धर्मगुरूंच्या मागे चिखलातून, पाण्यातून, धबधब्याच्या कड्यावरून वर चढतो. घसरतो, पडतो, परत चढतो. बघवत नाही. एका टप्प्यावर बरोबरच्या एका तरुण धर्मगुरूला राहवत नाही. तो चाकू काढतो आणि दोर कापतो. बोचकं गडगडत खाली जातं.

आणि मेन्दोझा काय करतो? एक शब्द न बोलता खाली उतरतो, बोचकं शोधतो, परत बांधतो आणि परत चढायला लागतो.

इथे आमच्यातली एक मुलगी, नुकतीच इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेलेली, म्हणाली, "दादा, पॉज करा ना. कापला होता ना दोर? मग परत खाली कशाला गेला हा?"

मी म्हटलं, पुढे बघ.

पुढे ते सगळे कड्यावर पोचतात. वर ग्वारानी उभे असतात. ज्यांना तो पकडून विकायचा तेच लोक. ते त्याला ओळखतात. एक जण चाकू घेऊन धावत येतो आणि त्याच्या गळ्याला लावतो. चिखलाने माखलेला, गुडघ्यांवर पडलेला मेन्दोझा हलतही नाही. गॅब्रिएल काही करत नाहीत. आणि मग तोच माणूस त्याच चाकूने दोर कापतो आणि बोचकं कड्यावरून खाली नदीत ढकलून देतो. मेन्दोझा रडायला लागतो. लहान मूल रडतं तसा. ते बघून ग्वारानी हसायला लागतात, आणि रडता रडता तोही हसतो.

या वेळी तो खाली उतरत नाही.

मला वाटतं त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पहिल्यांदा दोर कापणारा चांगला माणूस होता, दयाळू होता. पण मेन्दोझाने त्याचं काही बिघडवलेलं नव्हतं. ज्याचं नुकसान झालं नाही त्याने "जाऊ दे आता" म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, पण सुटल्यासारखं वाटत नाही. माझ्यावर तुझी बाकी नसेल तर ती माफ करण्याचा अधिकारही तुझा नाही. दुसऱ्यांदा दोर कापला तो ज्याच्या माणसांना बाजारात विकलं होतं त्याने. त्याच्या हातात चाकू होता, मारायला कारण होतं, आणि अडवणारं कोणी नव्हतं. म्हणून ती क्षमा खरी.

(चित्रपटाबद्दल एक तक्रारही करून टाकतो. संपूर्ण गोष्टीतलं सगळ्यात मोठं काम करणारा हा माणूस, आणि त्याचं नाव आपल्या लक्षात राहावं इतकीही जागा चित्रपट त्याला देत नाही. तो काय बोलतो तेही आपल्याला समजत नाही. सगळा वेळ कॅमेरा पापी माणसाच्या चेहऱ्यावर. आपल्या साक्षींचंही बऱ्याचदा असंच होतं, नाही का? "मी किती वाईट होतो" यावर वीस मिनिटं, आणि ज्यांच्याशी वाईट वागलो त्यांच्यावर अर्धं वाक्य.)

आता आजच्या वचनाकडे येऊ. उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात आपण योसेफाच्या भावांना भेटतो. हेही माणूस विकणारेच. विकला तोही सख्खा बापाचा मुलगा, २० चांदीच्या नाण्यांना (३७:२८).

थोडा हिशोब करू या, मला सवय आहे. योसेफ विकला गेला तेव्हा १७ वर्षांचा होता (३७:२). फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० (४१:४६). मग सुकाळाची ७ वर्षं आणि दुष्काळाची २ (४५:६), म्हणजे भावांना त्याने "मी योसेफ" असं सांगितलं तेव्हा तो साधारण ३९ चा. त्याच दिवशी त्याने त्यांना गळ्याशी धरलं, मुके घेतले, रडला, घाबरू नका म्हणाला. मग याकोब मिसरात आला आणि तिथे १७ वर्षं जगला (४७:२८). याकोब मेल्यानंतरचा प्रसंग म्हणजे आजचं वाचन. योसेफ ५६ च्या आसपास.

म्हणजे क्षमा होऊन १७ वर्षं झाली आहेत!

आणि या १७ वर्षांनंतर भाऊ एकमेकांना काय म्हणतात? आता बाबा गेले, आता हा आपला सूड घेईल. ते योसेफाला निरोप पाठवतात की, मरण्याआधी बाबांनी सांगितलं होतं, तू आम्हाला क्षमा कर म्हणून. याकोबाने असं काही सांगितल्याची नोंद आधी कुठेच नाही. बहुतेक भीतीपोटी रचलेलंच असावं. मग ते स्वतः येतात, पाया पडतात आणि म्हणतात, आम्ही तुझे गुलाम.

गोशेनमध्ये १७ वर्षं त्याचंच धान्य खाल्लं, त्याच्या जिवावर मुलंबाळं वाढवली, सणासुदीला त्याच्याबरोबर जेवले असतील. आणि एवढी वर्षं मनात हेच. बोचकं कापलं गेलं होतं, नदीत पडलं होतं. पण यांनी रात्री जाऊन ते गुपचूप बाहेर काढून घरात, कॉटखाली ठेवलं होतं.

आता १७ वं वचन नीट वाचा. हा निरोप ऐकल्यावर योसेफ चिडला असं लिहिलेलं नाही. तो रडला असं लिहिलेलं आहे. मी हा अध्याय संडे स्कूलपासून ऐकतोय. पण योसेफ इथे का रडला, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. भावांचं मन भरून आलं म्हणून त्याचंही आलं असेल, असं धरून पुढे जायचो. शनिवारी रात्री भांडी आवरताना पहिल्यांदा वाटलं की त्याला दुःख झालं असेल. १७ वर्षं मी यांना माझे भाऊ समजत होतो आणि हे मला सावकार समजत होते.

कल्पना करा, दुसऱ्या दिवशी सकाळी मेन्दोझाने नदीत उडी मारून ते बोचकं परत वर आणलं असतं. दोर कापणाऱ्या त्या ग्वारानी माणसाला काय वाटलं असतं?

हे मी का लिहितोय ते सांगतो. सोपं नाही, पण सांगतो.

साधारण नऊ वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथे एका शुक्रवारी रात्री रिलीज होता. एक स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर चालवायची होती. ती मी लिहिलेली होती, आणि त्यात एक अट राहून गेली होती. चालवली मात्र माझ्या हाताखालच्या एका नवीन मुलाने, मी सांगितलं म्हणून. क्लायंटचा डेटा उडाला. बॅकअप होता, दोन दिवसांत सगळं परत आलं, पण सोमवारच्या मीटिंगमध्ये लॉगवर नाव कोणाचं होतं? त्याचं. मॅनेजरने विचारलं, रिव्ह्यू न करता का चालवली? तो माझ्याकडे बघत होता. मी लॅपटॉपकडे बघत होतो.

चाळीस सेकंद असतील. तेवढंच गप्प बसलो मी. नंतर सांगू, एकट्याने जाऊन सांगू, असं म्हणत राहिलो. त्याचं प्रोबेशन कन्फर्म झालं नाही. घरी कर्ज होतं, वडील शेती करणारे. पुढचे आठ महिने तो घरी होता, हे मला फार नंतर कळलं.

चार वर्षांनी त्याला शोधून काढलं. तेव्हा तो दुसरीकडे नीट लागला होता. एका अमृततुल्यमध्ये बसून मी सगळं सांगितलं. जुन्या मॅनेजरलाही खरं काय ते लिहून पाठवलं होतं, तेही त्याला दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मला तेव्हाच माहीत होतं. वाईट खूप वाटलं. शिव्या पण घातल्या तुम्हाला. पण आता नाही काही. सोडलं मी." तो ख्रिस्ती नाही. क्षमेवर त्याने कधी प्रवचन ऐकलं नसेल. पण दोर त्याने कापला.

आणि त्यानंतर मी काय केलं? दर दोन महिन्यांनी फोन. नवीन ओपनिंग दिसलं की त्याला रेफरल. मुलगी झाली तेव्हा गरजेपेक्षा मोठी भेट. आणि प्रत्येक भेटीत कुठेतरी वाक्य घुसवायचं, "तरी पण यार, त्या वेळचं माझं चुकलंच." मला वाटायचं, ही माझी नम्रता आहे. गेल्या महिन्यात तो म्हणाला, हसतच म्हणाला, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं: "दादा, तुम्ही मला भेटायला येता की माफी मागायला? माफी मागायला येत असाल तर नका येऊ. मला तो दिवस परत परत आठवायचा नाहीये."

हे वाक्य डोक्यात घेऊनच मी शनिवारी भिंतीवर तो दोर कापला जाताना बघत होतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, कारण रविवारी चर्चनंतर कोणीतरी विचारणारच. याचा अर्थ भरपाई करायची नाही असा नाही. जक्कयाने चौपट परत देण्याचं कबूल केलं (लूक १९:८), आणि येशूने त्याला राहू दे म्हटलं नाही. उत्पत्तीतच यहूदा बघा. योसेफाला विकून टाकू ही कल्पना त्याची (३७:२६-२७). पण ४४ व्या अध्यायात तोच यहूदा मिसरच्या अधिकाऱ्यापुढे उभा राहून म्हणतो, बन्यामीनाला सोडा, त्याच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा. समोर योसेफ आहे हे त्याला माहीतही नाही. माझ्या मते सगळ्या उत्पत्तीतला सगळ्यात मोठा बदल हाच. एका भावाला विकणारा माणूस दुसऱ्या भावासाठी स्वतः विकला जायला तयार होतो. आणि त्याचं हे बोलणं ऐकल्यावरच योसेफाला स्वतःला आवरता येत नाही. ती चढण यहूदाने चढली, खरोखर चढली. मेन्दोझाही चढला. मॅनेजरला लिहिलेला मेल ही माझी चढण होती, आणि ती मी चार वर्षं उशिरा चढलो. चढणीला माझा विरोध नाही. दोर कापल्यावर परत खाली उतरण्याबद्दल बोलतोय.

आणि दुसरी गोष्ट, जी जास्त नाजूक आहे. कड्यावर त्या ग्वारानी माणसाला कोणी सांगितलं नव्हतं की क्षमा कर. गॅब्रिएल गप्प बसले. तुमच्यापैकी ज्यांच्यावर खरंच अन्याय झालाय, घरात, ऑफिसमध्ये, किंवा चर्चमध्येही, त्यांना वचनं ऐकवून घाईने दोर कापायला लावणं हे आमचं काम नाही. योसेफाला क्षमा करायला २२ वर्षं लागली आणि त्यातही त्याने भावांची चांगली परीक्षा घेतली. देवाने त्याला घाई केली नाही.

ज्याचं बिघडवलं तो माणूसच आता जगात नसेल तर? मेन्दोझाचा भाऊ तर मेलाच होता. त्याच्या वतीने ग्वारानी क्षमा करू शकत नव्हते. चित्रपट या प्रश्नाला हात लावत नाही. स्तोत्र ५१:४ मध्ये दावीद मात्र लावतो. उरीया मेलेला आहे, आणि दावीद देवाला म्हणतो की मी तुझाच अपराधी आहे. उरीयाचं नुकसान लहान करायला तो हे म्हणत नाही. उरीया ज्याचा होता त्याच्यापुढे तो उभा आहे. म्हणून वधस्तंभाकडे बघताना मला आता तो चाकू आठवतो. ज्याचं खरं बिघडवलं तोच दोर कापायला आला. आणि मीखा ७:१९ मध्ये संदेष्टा सांगतो की देव आपली पापं समुद्राच्या तळाशी टाकून देतो. नदीपेक्षा खोल.

चित्रपटाचा शेवट सांगत नाही. राजकारण येतं, स्पेन आणि पोर्तुगालमधला १७५० चा करार येतो, वस्त्या रिकाम्या करायचे हुकूम येतात. इतिहासातही ग्वारानींनी हत्यार उचललं आणि १७५६ पर्यंत ते लढले. नदीत पडलेली ती तलवार पुन्हा एकदा दिसते, आणि त्यावरून आमच्या हॉलमध्ये रात्री साडेबारापर्यंत वाद चालला. शेजाऱ्यांनी बेल वाजवली तेव्हा थांबलो. तुम्ही बघा आणि मला लिहा, मेन्दोझाने ती घ्यायला हवी होती की नाही. माझं मत अजून पक्कं नाही.

योसेफाकडे एकदा परत जाऊ. २१ व्या वचनात तो भावांना सांगतो, घाबरू नका, मी तुम्हाला आणि तुमच्या लेकराबाळांना सांभाळीन. मग तो त्यांच्याशी मायेने बोलला असं लिहिलंय. मूळ हिब्रूत तिथे "त्यांच्या हृदयाशी बोलला" असा शब्दप्रयोग आहे. "आम्ही तुझे गुलाम" या वाक्याला तो उत्तरच देत नाही. गुलाम म्हणून त्याने त्यांना ठेवून घेतलं नाही. भाऊ कोणाला गुलाम म्हणून हवे असतात?

येत्या रविवारी उपासनेनंतर मी त्या मित्राकडे जेवायला जातोय. त्यानेच बोलावलंय. बायकोने विचारलं, काय न्यायचं? मी सवयीने मोठं काहीतरी सांगणार होतो. मग म्हटलं, अर्धा किलो बाकरवडी घेऊ, जाता जाता.

प्रार्थना: प्रभू येशू, तू जे नदीत टाकलंस ते मी कितीदा परत वर काढलं, तुला माहीत आहे. रविवारी त्याच्या घरी माझं तोंड सांभाळ. त्याच्या मुलीशी खेळता यावं, आणि ते एक वाक्य माझ्या तोंडून निघू नये. आमेन.

उद्याचे वाचन: उत्पत्ती ५०:२२-२६. उद्या उत्पत्ती संपेल, परवापासून निर्गम.